दोन शिंगांची क्रेन

प्रदर्शनात एक जुनी गाडी ट्रेलरवरून उतरवायची आहे, क्रेन घेऊन या, असा फोन आला. वाटलं, असेल एखादी फियाट. साताऱ्यात मैदानावर पोचलो तर ट्रेलरवर आमचीच भावकी उभी! क्रेन उतरवायला क्रेन बोलावलेली बघून पोरं फिदीफिदी हसत होती.

डायमंड टी 969. शिकागोच्या कंपनीनं दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करासाठी बनवलेली. वजन दहा टनांच्या आसपास, इंजिन बंद. उचलायचा प्रश्नच नव्हता. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला पुली बांधली, माझा वायररोप तिच्यातून फिरवून गाडीच्या चेसिसला अडकवला आणि विंच, म्हणजे दोर गुंडाळायचा रहाट, ढिला करत गाडी इंचाइंचानं उतारावरून सोडली. तासभर गेला. घाम फुटला तो कामानं कमी आणि धास्तीनं जास्त. असल्या मोलाच्या वस्तूला ओरखडा गेला असता तर आम्ही कुठून भरून देणार?

खाली टेकल्यावर मागं जाऊन बघितलं आणि तिथंच थबकलो. बूम, म्हणजे ज्याच्या टोकावरून दोर सुटतो तो क्रेनचा हात, एक नाही, दोन! शेजारी शेजारी, प्रत्येकाला वेगळा विंच.

अठरा वर्षांपूर्वी ज्यांच्या हाताखाली काम शिकलो ते तात्या सांगायचे, "आमच्या तरुणपणी मिल्ट्रीतनं लिलावात आलेली दोन शिंगांची क्रेन हुती. झाडाला मिठी मारून ट्रक वडायची." आम्ही पोरं गालात हसायचो. तात्यांच्या गोष्टीत विहिरीतनं रेल्वेसुद्धा निघायची.

गाडीच्या मालकांनी एक बूम हातानं फिरवून दाखवला. तो डावीकडे काटकोनात गेला, दुसरा तसाच उजवीकडे. मग सगळं डोक्यात बसलं. एका बाजूचा दोर खड्ड्यातल्या गाडीला, दुसऱ्या बाजूचा झाडाला नाहीतर खडकाला. दोन्हीकडची ओढ मधल्या खांबावर एकमेकींना तोलते, आणि क्रेन जागची हलत नाही.

दोन वर्षांपूर्वी खंबाटकी घाटात उसाचा ट्रक कडेला कलंडला होता. रस्त्यात आडवं लावायला जागा नाही म्हणून मी बाजूनं ओढायला घेतला, तर माझीच क्रेन सरकत दरीकडे निघाली. शेवटी पलीकडे दुसरी क्रेन आणून माझी तिला बांधली, तेव्हा कुठे ट्रक हलला. दोन क्रेन, दोन भाडी, चार तास वाहतूक बंद. हे लोक तेच काम एका गाडीत बसवून मोकळे झाले होते! आणि इंजिन किती, तर 106 हॉर्सपॉवरचं, पेट्रोलवरचं. एवढी ताकद आता साध्या मोटारीला असते. बाकीचा सगळा जोर गिअरचा आणि पुलीचा.

हे बूम होम्स कंपनीचे. त्या अर्नेस्ट होम्सनं 1916 साली अमेरिकेतल्या चॅटानूगा गावात जुन्या कॅडिलॅक मोटारीवर तीन खांब, एक पुली आणि साखळी बसवून बंद गाड्या ओढणारा पहिला टो ट्रक केला, असं मालक सांगत होते. म्हणजे तोही आमच्यासारखाच गॅरेजवाला.

तात्यांना फोन लावला. "तात्या, दोन शिंगांची क्रेन बघितली."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग, "पाय टेकवल्यात का तिचं?" पाय म्हणजे ओढताना क्रेन कलंडू नये म्हणून बाजूला जमिनीवर टेकवायचे टेकू.

"प्रदर्शनात कशाला टेकवतील?"

"मग अर्धीच बघितलीस. थांब तिथंच."

साडेपाचच्या एसटीनं आले. कुणाशी रामराम नाही, काही नाही. थेट गाडीच्या बाजूला उकिडवे बसले, पोलादावरून हात फिरवला आणि मालकांकडे न बघताच म्हणाले, "साहेब, पाय सोडा की खाली. ह्या पोराला दाखवायचंय."