तेरा रकाने

लोकांच्या भल्यासाठी काढलेल्या धंद्याचा रोखीचा तक्ता, म्हणजे पुढच्या आठवड्यांत पैसे कधी येतील आणि कधी जातील याचा अंदाज; आजचा अख्खा दिवस त्यातच गेला. धंदा कुणाच्या भल्यासाठी काढला ते सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण तो तगेल का, हे इथेच कळतं. एकेका आठवड्याचे १३ रकाने. वर हातातली शिल्लक, खाली येणं, त्याखाली देणं. येणं बिलाच्या तारखेला मांडायचं नाही, पैसे खरंच खात्यात पडतील त्या आठवड्यात मांडायचं. ३० दिवसांचा वायदा सहज ४५ वर जातो. कागदावर नफा आणि सातव्या आठवड्यात पगाराला पैसे नाहीत, ते यामुळेच.

मग विक्री ३० टक्के कमी धरून तोच तक्ता पुन्हा. शिल्लक उणे जाते तो रकाना लाल. लाल दिसला की आजच माल कमी भरा, आगाऊ रक्कम मागा, पुरवठादाराशी मुदतीचं बोला. (मुदत उलटल्यावरचा फोन कुणालाच आवडत नाही.)

सरसकट सूट मात्र जपून. १०० ची वस्तू, तिच्यावर थेट खर्च ६०. १० टक्के सूट दिली की ४० चे ३० उरतात; एकूण तेवढेच सुटायला विकलेल्या नगांची संख्या एक तृतीयांशाने वाढावी लागते. गरजूंना स्वस्तात द्यायचंय? जरूर द्या, पण ती रक्कम देण्याच्या बाजूला स्वतंत्र ओळीत, दर आठवड्याची मर्यादा ठरवून.