बर्फातले कमांडो

दादरच्या घरात पंखा फुल्लवर आहे तरी घाम निथळतोय, आणि मी दोन दिवस आर्क्टिकमधल्या स्पेशल फोर्सेसबद्दल वाचतेय. कारण मामा. तो सियाचीनला होता, हिमदंशाने दोन बोटांची टोकं गेली, चहाचा ग्लास अजूनही तळहातात धरतो. तो म्हणतो, तिथे पहिला शत्रू थंडी, बॅटरी बघता बघता मान टाकते आणि उघड्या हाताने लोखंडाला हात लावलास तर कातडीच चिकटते.

म्हणून मला वाटतं, पुढे आर्क्टिकमध्ये कमांडोंचं काम धाडी घालण्यापेक्षा पाळत ठेवण्याचं जास्त असेल. डेन्मार्कची सिरियस तुकडी बघा ना, ईशान्य ग्रीनलंडमध्ये दोन जवान आणि कुत्र्यांची एक स्लेज, महिनोन्महिने गस्त. शिवाय समुद्राखालच्या केबल, 2022 च्या जानेवारीत नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांना जोडणाऱ्या दोनपैकी एक बिघडली होती, अशा जागा राखायला थोडीच पण तिथे मुरलेली माणसं लागणार. 2023 मध्ये फिनलंड, 2024 मध्ये स्वीडन नाटोत आले, म्हणजे बर्फात स्कीवर वाढलेले सैनिक आले.

अंटार्क्टिकावर मात्र 1959 च्या कराराने लष्करी तळ, सराव सगळं बंद आहे, आणि ते तसंच राहावं असं मला मनापासून वाटतं.