तेवीस अंगठे

परवा शाळेच्या गेटबाहेर उभी होते, सुटायला दहा मिनिटं होती म्हणून फोन चाळत होते आणि तो फोटो समोर आला. बऱ्याच जणांनी बघितला असेल. १९५७ सालचा, अमेरिकेतल्या लिटल रॉक गावातला. पुढे एक कृष्णवर्णीय मुलगी चाललीये, पांढरा ड्रेस, घेराला चौकड्याची पट्टी, डोळ्यावर गॉगल, वही घट्ट धरलेली. मागे गोऱ्यांचा घोळका आणि त्यात एक मुलगी अशी ओरडतीये की दात दिसतायत. पुढची एलिझाबेथ एकफर्ड, मागची हेझल ब्रायन. दोघी पंधरा-पंधरा वर्षांच्या.

मागची गोष्ट थोडक्यात सांगते. गोऱ्या-काळ्यांच्या वेगवेगळ्या सरकारी शाळा घटनेत बसत नाहीत असा निकाल तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्येच दिला होता. तीन वर्षांनी सेंट्रल हायस्कूलने नऊ मुलांना घ्यायचं ठरवलं तर गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी गेटवर बंदूकवाले जवान उभे केले, का तर मुलं आत जाऊ नयेत म्हणून. नऊ जणांनी एकत्र जायचं असं आदल्या रात्री ठरलं होतं पण एलिझाबेथच्या घरी फोनच नव्हता, त्यामुळे निरोप पोचला नाही आणि ४ सप्टेंबरला सकाळी ती एकटीच गेली. तो ड्रेस तिने स्वतः शिवलेला होता. माझी नजर त्या चौकड्याच्या पट्टीवरच अडकली, कारण गॅदरिंगचे ड्रेस शिवताना घेराची पट्टी सरळ बसवायला किती वेळ जातो हे मला माहितीये, आणि ती पट्टी एकदम सरळ आहे.

मी लगेच फोटो शेअर करायला घेतला, वर लिहिलं पण, ‘काय माणसं असतात’. मग म्हणलं आपल्या पुण्याचं पण काहीतरी लिहू. पुणेकराला अशा वेळी सावित्रीबाई आठवतातच. १८४८ ला भिडे वाड्यात मुलींची शाळा, येताजाता अंगावर शेण आणि दगड, म्हणून सोबत जास्तीची साडी. आणि जोतिरावांनी १८७३ ला ‘गुलामगिरी’ अर्पण कुणाला केलीये, तर अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध लढलेल्या लोकांना! म्हणजे हे दोन्हीकडचं एकच दुखणं आहे हे इथे पेठेत बसून त्यांना तेव्हा कळलेलं. दगडूशेठला मी किती वर्षं जातीये, समोरच तो पडका वाडा होता, मी कायम त्याच्याकडे पाठ करून चपला काढल्या. २०२३ च्या डिसेंबरात पाडला, आता तिथे स्मारक करणारेत. आपण सगळे सावित्रीबाईंच्या बाजूचे. शेण टाकणारे कोण होते विचारा, कुणाचेच पणजोबा निघत नाहीत.

तर ते लिहिता लिहिता वर नोटिफिकेशन आलं, लेकीच्या वर्गाच्या पालक ग्रुपचं. आणि मी थांबले.

गेल्या महिन्यात त्याच ग्रुपवर गॅदरिंगच्या ड्रेसचे पैसे मागितले होते, बाराशे रुपये. पाच-सहा जणांचे आले नव्हते. एका आईने मेसेज टाकला, खूप गोड भाषेत हं, हात जोडलेले इमोजी वगैरे, की आरटीईच्या (म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या राखीव जागांवर आलेल्या गरीब घरच्या) मुलांचं ओझं दरवेळी बाकीच्यांवर का, आणि त्यांनाही ऑकवर्ड होत असेल, तर त्यांचा एक वेगळा छोटासा डान्स बसवावा, साध्या कपड्यातला. ‘त्यांच्याच भल्यासाठी.’ खाली धडाधड अंगठे. तेवीस. त्यातला एक माझा.

मी तो का दिला याचं खरं उत्तर असं की भाजी फोडणीला टाकत होते आणि सगळे देत होते. वाईट असं काही मनात नव्हतं. पण काय ना, त्या फोटोत ओरडणारी एक हेझलच आहे का, तिच्या आजूबाजूला बाकीच्या पण चालल्यातच की, त्या ओरडत नाहीयेत, नुसत्या सोबत आहेत. त्यांच्या पण मनात वाईट नसेल, कुणास ठाऊक.

२००९ च्या त्या कायद्याने खासगी शाळेत या मुलांसाठी पंचवीस टक्के जागा आल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या सरकारने नियम बदलला, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट. तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये लोक उघड खूश होते. जुलैत हायकोर्टाने तो बदल रद्द केला तर परत तोंडं वाकडी. त्यात आडनाव कुणी काढत नाही, आम्ही काय अडाणी आहोत का. ‘कल्चर वेगळं असतं’ म्हणतात, ‘बॅकग्राउंड’ म्हणतात. भाड्याने फ्लॅट देताना जसं ‘व्हेज ना?’ विचारतात आणि मग हळूच ‘पूर्ण नाव काय म्हणालात?’

लिटल रॉकला पुढे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कर पाठवलं, २५ सप्टेंबरला नऊ जण सैनिकांच्या पहाऱ्यात आत गेले. पण आत गेल्यावर वर्षभर धक्के, थुंकणं, जिन्यावरून ढकलणं चालूच, सैनिक काय प्रत्येक बाकावर येऊन बसणार नव्हते. कोर्ट दार उघडून देतं, डबा खाताना शेजारी कोण बसणार ते कोर्ट ठरवत नाही. हेझलने काही वर्षांनी फोन करून माफी मागितली. १९९७ मध्ये त्याच फोटोग्राफरने, विल काउंट्सने, दोघींचा शाळेसमोर एकत्र फोटो काढला, त्यानंतर मैत्री पण झाली आणि मग ती तुटली. माझा नवरा म्हणाला, एवढं झाल्यावर तुटायला नको होती. मला तर ती झालीच कशी याचं नवल वाटतं.

हेझलचा फोटो तरी निघाला. माझा अंगठा तेवीसांत मिसळून गेलेला.

गेटबाहेर उभ्या उभ्या मी तो जुना मेसेज शोधला, वर वर वर सरकवत, आणि अंगठा काढला. बावीस झाले. कुणाला कळलं पण नाही. मग सहज ग्रुपची मेंबर लिस्ट उघडली. लेकीच्या बाकावर शेजारी बसणारी जी मुलगी आहे, आरटीईतली, तिची आई त्यात होती. पहिल्यापासून होती. एलिझाबेथच्या घरी फोन नव्हता म्हणून निरोप पोचला नाही, हिच्याकडे फोन आहे, हिला सगळे निरोप पोचले.

शाळा सुटली. ती तिथेच होती, तीन पोळीची कामं उरकून आलेली, ओढणीने घाम पुसत. नेहमीसारखं हसली. मी काय बोलायचं ते जुळवत होते तेवढ्यात तीच म्हणाली, “ताई, गणिताच्या वर्कशीटचा फोटो टाकता का? हिची बुडाली.”

म्हणलं, ग्रुपवर टाकते.

“नको, मलाच पाठवा ना ताई,” ती म्हणाली, “ग्रुपवर नको.”