लिंक बदलण्याआधी सॅग मोजला

माझी उंची पाच फूट तीन इंच, माझ्या हिमालयन ४११ मोटरसायकलची सीट ८०० मिमी. सायनच्या सिग्नलला पंजे जेमतेम टेकतात, आणि पावसात रस्ता एका बाजूला उतरता असला की छातीत धस्स होतं. मागची लिंक, म्हणजे मागच्या सस्पेन्शनला जोडणारी पट्टी, बदलून गाडी खाली घ्यायची, हे जवळजवळ ठरलंच होतं. कुर्ल्यात एकजण पट्टी कापून बनवून द्यायलाही तयार होता.

त्याआधी रविवारी चाळीच्या अंगणात सॅग मोजला, म्हणजे बसल्यावर मागचं सस्पेन्शन किती दबतं ते. टेप दादाने धरला, एकट्याने हे जमत नाही. मेन स्टँडवर मागचं चाक अधांतरी ठेवून अ‍ॅक्सलपासून मडगार्डवरच्या खुणेपर्यंत ५६० मिमी भरले. हेल्मेट-जॅकेट घालून मी बसले तेव्हा ५१८. म्हणजे गाडी माझ्या वजनाने फक्त ४२ मिमी बसत होती. मागचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक एकूण जितकं वर-खाली होऊ शकतं ते, १८०. त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे साठेक मिमी बसायला हवी. आधीच्या मालकाने दोघांसाठी प्रीलोड, म्हणजे शॉकच्या स्प्रिंगचा ताण, आवळून ठेवला असणार.

सी-स्पॅनरने (आकड्यासारखा पाना) स्प्रिंगवरची रिंग थोडी-थोडी सैल करत, दर वेळी पुन्हा मोजत ५०२ वर आणलं. सोळा मिमी फुकट मिळाले! आता दोन्ही पायांचे चवडे नीट टेकतात. मागून खाली आल्यामुळे हेडलाइट वर बघू लागला, तो थोडा खाली वळवला. चेनचा ढिलेपणाही तपासला. साइड स्टँडवर गाडी पूर्वीपेक्षा सरळ उभी राहते, तेव्हा उताराकडे तोंड करून लावू नका. ताई मागे बसणार असेल तेव्हा रिंग परत आवळायची, नाहीतर स्पीडब्रेकरला मागचा शॉक तळाला आदळतो.

लिंकचा विचार सोडला, तो आरसीमुळेही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. परवानगी घेऊन केलेला बदल १४ दिवसांत आरसीसह कळवून नोंदवून घ्यावा लागतो. परवानगी नसलेला पार्ट बसवला, तर कलम १८२-अ खाली दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि अंदाजाने कापलेल्या पट्टीवर मागचं अख्खं चाक तोलायचं, हे कसारा घाटात मला नकोच.

पुढच्या रविवारी सीटचा फोम वीसेक मिमी उतरवून बघते, मग पुन्हा टेप.