रांगेत मुद्दाम उभी राहणारी बाई

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणारे बरेच झाले आजवर, शब्द तेवढे वेगवेगळे. "थीम पार्कला जाऊन अर्धा दिवस रांगेत काढायचा आणि वर म्हणायचं, काय मजा आली! जादा पैसे भरले की पुढे सोडतात ना? मग लांबच्या रांगेत मुद्दाम कशाला शिरतेस?" इतके दिवस मी "आवडतं मला" म्हणून वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

रांग मला सरसकट आवडते असं नाही. डोक्यावर पत्रा, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे आणि नागमोडी वळणांवर दर चार मिनिटांनी समोर येणारी तीच ती पंधरा तोंडं, अशा रांगेत मीही वैतागते. मला आवडते ती दुसऱ्या जातीची रांग. तिच्यात राइड सुरू व्हायच्या कितीतरी आधी गोष्ट सुरू झालेली असते. अशा रांगेच्या शेवटी बहुधा एक खोली लागते. दार बंद होतं, दिवे मंद होतात, कुणीतरी काहीतरी सांगतं किंवा दाखवतं. हा प्रीशो. नमनाला घडाभर तेल कशाला, असं पहिल्यांदा वाटतं खरं. पण काही ठिकाणी मुख्य खेळापेक्षा ते नमनच जास्त रंगतं.

मला हा नाद लागला तो कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमधल्या हाँटेड मॅन्शनमुळे. घराचा बाहेरचा सांगाडा 1963 मध्येच उभा होता, लोकांसाठी ते उघडलं 9 ऑगस्ट 1969 ला. आत शिरलात की तुम्हाला एका अष्टकोनी खोलीत उभं करतात. भिंतींवर चार तसबिरी. छत्री घेतलेली एक गोड मुलगी, छातीवर पट्टा लावलेला एक रुबाबदार गृहस्थ, अशी माणसं. मग भिंती लांबायला लागतात आणि त्यांच्याबरोबर तसबिरीही खालच्या बाजूने उलगडत जातात. मुलगी उभी असते एका दोरावर आणि दोराखाली आ वासलेली मगर. रुबाबदार गृहस्थाने विजार घातलेलीच नाही, आणि तो उभा आहे डायनामाइटच्या पिंपावर. तेवढ्यात एक आवाज मजेत सांगतो की या खोलीला ना दार ना खिडकी, आता बाहेर पडून दाखवा. दिवे जातात, वर वीज चमकते, कुणीतरी किंचाळतं. मग भलत्याच बाजूची भिंत सरकते आणि तुम्ही चालू लागता.

हे सगळं भुताटकीसाठी केलेलं आहे असं मी कित्येक वर्षं समजत होते. खरं कारण रेल्वे आहे. डिस्नीलँडभोवती मातीच्या बांधावरून आगगाडी फिरते. त्या बांधाच्या आत राइडला पुरेशी जागा नव्हती, म्हणून तिची इमारत रुळांच्या पलीकडे बांधली. आता घरात शिरलेल्या माणसांना रुळांच्या पलीकडे न्यायचं कसं? खाली उतरवून, बोगद्यातून. म्हणजे ती अष्टकोनी खोली चक्क लिफ्ट आहे. जमीन तुम्हाला घेऊन हळूहळू खाली जाते, म्हणून भिंती लांबल्यासारख्या वाटतात. पुढे चित्रं बदलणारा जो लांबच लांब बोळ लागतो, तो रुळांखालचा रस्ता. फ्लोरिडात डिस्नीच्याच पार्कात 1971 मध्ये अशीच हवेली उभी राहिली. तिथे खाली उतरायची गरज नव्हती, तरी खोली ठेवली. फक्त तिथली जमीन जागची हलत नाही, छतच वर जातं.

हे कळलं तेव्हा मी चाट पडले. अडचण होती माणसं हलवायची. ती लपवायला पडदा लावला असता तरी चाललं असतं. त्यांनी अडचणीचाच नाट्यप्रवेश केला.

त्यानंतर मी प्रत्येक रांगेकडे या नजरेने बघायला लागले: हिला काय लपवायचं आहे? कॅलिफोर्नियातल्या त्याच पार्कमधली, सिनेमातल्या पुरातत्त्वज्ञाच्या नावाची इंडियाना जोन्स अ‍ॅडव्हेंचर घ्या, मार्च 1995 मधली. तिचीही इमारत पार्कच्या हद्दीबाहेर, जिथे पूर्वी गाड्या लागायच्या तिथे. म्हणजे पुन्हा लोकांना लांब चालवणं आलं. त्यांनी त्या चालण्याचं उत्खनन करून टाकलं. जंगल, मग देवळाचे भग्न दगड, मग गुहा, जनरेटरची घरघर, लुकलुकणारे दिवे. वाटेत एका खोलीचं छत बांबूच्या टेकूवर उभं आहे आणि टेकूला हात लावू नका अशी सूचना आहे. लोक अर्थातच हात लावतात. बांबू ओढला की वरून दगड घसरल्याचा कडकडाट होतो. पुढे एक विहीर, तिच्यात सोडलेला दोर. तो ओढला की खालून कुणीतरी बोलतं. भिंतींवरची लिपी अगम्य वाटते, पण अक्षरं इंग्रजीवर बेतलेली आहेत, आणि राइड नवी होती तेव्हा ती वाचायला कार्डंही वाटत असत. पट्टा बांधा, हात बाहेर काढू नका या सूचनासुद्धा जुन्या कृष्णधवल वार्तापटाच्या थाटात येतात. राइडच्या गाडीत तुम्ही काही मिनिटंच असता. देऊळ खरं बघून होतं ते रांगेत.

कंटाळ्याचं शास्त्रही आहे. डेव्हिड मेस्टर नावाच्या अभ्यासकाने 1985 मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं सरळ होतं: रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, किती थांबायचं ते माहीत नसलं की आणखी लांब, आणि कुणीतरी आपल्या पुढे घुसतंय असं वाटलं की तेव्हाही लांब. पण मला त्यातलं दुसरंच एक वाक्य पटतं. काम सुरू झाल्यावरचं थांबणं सुरू होण्याआधीच्या थांबण्यापेक्षा कमी जाचतं, असं तो म्हणतो. चांगला प्रीशो नेमका एवढाच खोटेपणा करतो. तुम्ही अजून रांगेतच असता, पण तुम्हाला वाटतं, चला, सुरू झालं.

याला हिशेबाचीही बाजू आहे. रांगेतली माणसं एकेक करून येत राहतात, बऱ्याच राइड्सना मात्र ती गठ्ठ्याने लागतात. समजा एका खोलीत 60 माणसं मावतात आणि आतला खेळ भरण्या-रिकामं करण्यासकट तीन मिनिटांचा. तासाला वीस खेळ, 1200 माणसं. राइड तासाला 2400 जणांना नेऊ शकत असेल, तर ती एकच खोली सगळ्यांच्या मानेवर बसणार. म्हणून तशाच दोन खोल्या बांधतात आणि आलटून पालटून भरतात. हाँटेड मॅन्शनमध्येही लांबणाऱ्या खोल्या दोन आहेत. शेजारच्या खोलीतली किंकाळी भिंतीतून हलकीशी ऐकू आली की मला फार मजा वाटते. तिकडचे आपल्यापेक्षा दीड मिनिट पुढे.

वाईट प्रीशो कसा असतो तेही सांगते. एका पार्कात (नाव राहू दे) पन्नासेक मिनिटं थांबून आम्ही शेवटच्या खोलीत पोचलो. भिंतीवर तीन टीव्ही, त्यांत पांढऱ्या कोटातली एक शास्त्रज्ञ बाई सांगते की यंत्रात बिघाड झाला आहे आणि आता सगळं आपल्या हातात आहे. फिल्म संपली, दार उघडलं नाही. फिल्म पुन्हा सुरू झाली. तिसऱ्या खेपेला मागच्या कोपऱ्यातली चारपाच पोरं बाईंबरोबर संवाद म्हणू लागली, चौथ्या खेपेला "बिघाड" या शब्दावर अख्खी खोली टाळ्या पिटत होती. यंत्रात खरंच बिघाड झाला होता. शेवटी गणवेशातला एक मुलगा आला आणि ओशाळून म्हणाला, राइड बंद पडली आहे, या दाराने बाहेर पडा. त्या दिवशी एवढं कळलं की जो प्रीशो नुसता सांगतो, त्यात दुसऱ्यांदा बघायला काही उरत नाही. लांबणारी खोली मी किती वेळा पाहिली असेल त्याची गणती नाही. तिथे कुणी मला काही समजावत नाही, काहीतरी घडतं.

घडतं म्हणजे काय, ते भाच्याबरोबर गेले तेव्हा नीट दिसलं. फ्लोरिडातली राइज ऑफ द रेझिस्टन्स, स्टार वॉर्स सिनेमांवरची राइड, डिसेंबर 2019 मध्ये उघडलेली. आधी गुहेसारखी रांग, मग एका खोलीत कामगिरी समजावून देतात, मग बाहेर उघड्यावर येऊन तुम्ही एका यानात चढता. यानात सगळे दांड्या धरून उभे. खिडकीत अवकाश, धक्के, शत्रू आपल्याला ओढून घेतो. मग दार उघडतं. ज्या दाराने आत आलो तेच दार. पण आता पलीकडे ते अंगण नाही. प्रचंड दालन आहे आणि समोर ओळीने उभे पन्नास सैनिक. तुम्हाला धक्के बसत असतात तेव्हा ते यान जागच्या जागी वळलेलं असतं, बास. भाच्याने मागे वळून दार पाहिलं, मग माझ्याकडे. "मावशी, आपण कुठून आलो?" थोड्या वेळाने, गणवेशातल्या अधिकारीणबाई सगळ्यांना दरडावून भिंतीला उभं करत होत्या तेव्हा, हळूच कानात: "राइड झाली का आपली?" म्हटलं, अरे, अजून बसलो कुठे आपण! त्याला पटेना. त्याच्या लेखी आपण आलो, लढलो, पकडले गेलो. मग अजून काय राहिलं?

त्याच फ्लोरिडात टॉवर ऑफ टेरर आहे, 1994 चा, जुन्या पडीक हॉटेलच्या रूपातला. हॉटेलच्या दिवाणखान्यात धूळ, जाळी, टेबलावर अर्धवट टाकलेला माहजोंगचा डाव. वाचनालयात दिवे जातात, जुना टीव्ही आपोआप लागतो. प्रीशो छान, पण तो संपला की पुन्हा रांग! एकदा पडदा वर गेला की प्रेक्षकांना परत बाकावर बसवू नये असं माझं मत. इथे मात्र मी माफ करते, कारण ती दुसरी रांग बॉयलरच्या तळघरात आहे. वर हॉटेल एके काळी कितीही झकपक असलं तरी या मागच्या बाजूला कुणी पाहुणा येत नसतो. आपल्याला नोकरांच्या वाटेने नेताहेत, हे कुणी न सांगता कळतं.

आता पैसे भरून पुढे जाण्याचं. डिस्नीने 1999 मध्ये फास्टपास आणला, तेव्हा तो फुकट होता. 2021 पासून लायटनिंग लेन आली आणि तिचे पैसे पडतात. युनिव्हर्सलचा एक्स्प्रेस पासही पैशांचाच. माझं दुखणं पैशांचं नाही. सजावट केलेली असते ती थांबणाऱ्यांसाठी, आणि पैसे भरलेला माणूस तिच्या कडेने झपाझप निघून जातो. हॅरी पॉटरची फॉरबिडन जर्नी 2010 मध्ये ऑर्लँडोत उघडली. अख्खा किल्ला, आपापसांत बोलणाऱ्या तसबिरी, मुख्याध्यापकांचं दालन, सगळं रांगेत. एकट्याने बसणाऱ्यांची वेगळी रांग भराभर सरकते, पण तिच्यातून यातलं बरंचसं दिसतच नाही. मी एकदा तसं केलं. पंधरा मिनिटांत हवेत गटांगळ्या खाऊन बाहेर आले आणि मला कळेना, मी नक्की कुठे जाऊन आले.

उलट बाजूही खरी आहे, ती नाकारत नाही. वेगळ्या दाराने येणारे जास्त झाले की साधी रांग गोठते. जी खोली तीन मिनिटांत चालत बघायची, तिच्यात वीस मिनिटं उभं राहावं लागलं की कोळिष्टक कुठल्या खिळ्याला अडकवलंय तेही दिसायला लागतं. रांग वाहती असेल तरच गोष्ट टिकते. म्हणून माझा नियम असा: राइड पहिल्यांदाच करत असाल तर साध्या रांगेने, शक्यतो सकाळी पार्क उघडल्या उघडल्या. दुसऱ्यांदा खुशाल पैसे भरा. सोबत अगदी लहान मूल किंवा गुडघे दुखणारं माणूस असेल तर नियम मोडायचा. आणि साध्या रांगेत शिरलात तर फोन खिशात ठेवा. नाहीतर माझ्यासारखी तिथे उभी कशाला राहायचं!

एक शेवटचं. रांगेबाहेर मिनिटांची पाटी असते ना, ती कशी ठरते याचा एक जुना प्रकार मला फार आवडतो. डिस्नीच्या पार्कांत रांगेत शिरणाऱ्या एखाद्याच्या हातात लाल कार्ड देत असत. आत शिरताना त्याची नोंद व्हायची, बसायच्या जागी तो ते परत करायचा, आणि मधला वेळ मोजला जायचा. एकदा ते कार्ड माझ्याच गळ्यात पडलं. इंडियाना जोन्सच्या विहिरीतून कुणी काय बोलतंय ते ऐकायला मी थांबले, मागच्यांना म्हटलं, या तुम्ही पुढे, आणि आणखी थोडी थांबले. बाहेर येऊन पाटी पाहिली तर मगाचच्या पन्नासाचे पंचावन्न झाले होते. त्या पाचांतली निदान दोन माझी असणार.