इंग्लंडचा किनारा, फ्रान्सचं बिल

महिन्याच्या फोन बिलात ‘युरोप रोमिंग’ अशा चार ओळी होत्या. एक माझ्या नंबरची, एक नवऱ्याची, एक मुलीची आणि चौथी बाबांची. आई-बाबा नाशिकहून आले तेव्हा बाबांसाठी आमच्याच प्लॅनवर एक जादा सिम घेतलं होतं. प्रत्येक नंबरवर एका दिवसाची फी, अडीच पौंडांच्या आसपास. आणि त्या अख्ख्या महिन्यात आमच्यापैकी कोणीही ब्रिटनबाहेर गेलं नव्हतं.

तारीख पाहिल्यावर लक्षात आलं. त्या शनिवारी आम्ही केंटमध्ये, डोव्हरजवळच्या सेंट मार्गारेट्स बेला होतो. उंच पांढऱ्या कड्यांखाली गोट्यांचा छोटासा किनारा आहे आणि ब्रिटनचा फ्रान्सला सर्वांत जवळचा भाग तो हाच. मधे समुद्र फक्त 33 किलोमीटर. कारमधून उतरलो तेव्हाच बाबा म्हणाले होते, “अगं, मनगटावर बारा वाजलेत आणि फोन एक दाखवतोय.” पाठोपाठ मेसेज आला, फ्रान्समध्ये आपलं स्वागत आहे. आईला ते फार गमतीचं वाटलं. बाबांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झालेली, त्यांनी मान वर करून कड्याकडे पाहिलं आणि कारण लगेच सांगितलं. इंग्लंडचे टॉवर कड्याच्या मागे आहेत, त्यांचा सिग्नल खाली पोचत नाही. समुद्राच्या बाजूला आडवं काहीच नाही, त्यामुळे पलीकडचा फ्रेंच सिग्नल सरळ येतो आणि फोन जो जोरात ऐकू येईल तो धरतो. त्याच कड्यावर साउथ फोरलँडचं दीपगृह आहे. मार्च 1899 मध्ये मार्कोनीने फ्रान्समधल्या विमरूहून पाठवलेला बिनतारी संदेश इथेच पकडला गेला होता. बाबा तिथे बराच वेळ रेंगाळले.

तिथून निघेपर्यंत खिशातल्या फोनांनी आपापली मेल तपासली होती, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो गेले होते. दिवसाची फी लागायला तेवढं पुरतं.

ही फी आली कुठून, ते थोडक्यात सांगते. जून 2017 पासून युरोपीय संघात कुठेही गेलं तरी घरच्याच दराने फोन वापरता यायचा. ब्रिटन बाहेर पडला, 2020 च्या अखेरीस संक्रमणाचा काळ संपला आणि ब्रिटिश कंपन्यांवरचं ते बंधन गेलं. 2022 मध्ये ईई, व्होडाफोन आणि थ्री यांनी दिवसाला साधारण 2 पौंडांची फी सुरू केली, ओटूने तेव्हा केली नाही. तिकडे युरोपीय संघाने स्वतःच्या लोकांसाठी हीच सवलत 2032 पर्यंत वाढवून ठेवली आहे. पॅरिसला गेल्यावर फी घ्या, ते मला मान्य नसलं तरी कायद्यात बसतं. पण केंटमध्ये उभं राहून?

कंपनीच्या चॅटवरचं पहिलं उत्तर असं होतं की सिस्टीमनुसार तुम्ही फ्रान्समध्ये होतात. मी म्हटलं, नव्हतो. पुन्हा तेच उत्तर, तेही अत्यंत नम्र भाषेत. मग फोन केला, तिथे बराच वेळ संगीत ऐकल्यावर एका मुलीने “गुडविल म्हणून” निम्मी रक्कम परत देऊ केली. मी नाही म्हटलं. गुडविल म्हणजे चूक आमची नाही, पण मोठ्या मनाने देतो. मला मोठं मन नको होतं, बिल दुरुस्त व्हायला हवं होतं.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बिलावरची हरकत तोंडी घ्यायचीच नसते. आमच्याकडे लोक काउंटरवर तासभर भांडायचे नि हात हलवत परत जायचे. जो अर्ज देऊन पोच घ्यायचा, त्याचीच फाइल पुढे सरकायची.” मग आम्ही दोघं टेबलाशी बसलो आणि अर्ज लिहिला. बाबा जुन्या सरकारी वळणाचा मजकूर सांगत होते आणि मी त्याचं इंग्रजी करत होते.

पुरावे जमवणं अवघड गेलं नाही. गाडीतळाची पावती, तारीख-वेळेसकट. दीपगृहाची तिकिटं. फोटोंमध्ये आपोआप नोंदलेलं ठिकाण. बिलाचा तपशीलवार उतारा मागवला, त्यात फ्रेंच नेटवर्कचं नाव आणि वेळ होती, आणि ती वेळ पावतीशी जुळत होती. शिवाय त्याच दुपारी डोव्हरमध्ये कार्डाने दिलेल्या जेवणाच्या पैशांची नोंद.

पण खरा जोर आला तो ऑफकॉमच्या नियमामुळे. ऑफकॉम म्हणजे इथली दूरसंचार नियामक संस्था. ती एकट्यादुकट्या ग्राहकाची तक्रार हाती घेत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. मात्र ऑक्टोबर 2024 पासून तिने कंपन्यांना बांधून घातलं आहे: रोमिंग सुरू होताच दर आणि मर्यादा स्पष्ट कळवायच्या, नकळत होणारं रोमिंग कसं टाळायचं ते सांगायचं, आणि ग्राहक ब्रिटनमध्येच असताना त्याच्यावर पडणारा रोमिंगचा खर्च कमी करण्याची किंवा रोखण्याची काहीतरी सोय ठेवायची. ही शेवटची अट उत्तर आयर्लंडमधल्या लोकांसाठी फार मोलाची आहे. सीमेलगतच्या गावांत घराच्या एका खोलीत ब्रिटनचं नेटवर्क असतं नि दुसरीत आयर्लंडचं, त्यांना हा त्रास रोजचा. आम्ही अर्जात सरळ विचारलं की केंटच्या किनाऱ्यासाठी आपण कोणती सोय ठेवली आहे आणि ती आम्हाला केव्हा कळवली?

‘ही औपचारिक तक्रार समजावी, संदर्भ क्रमांक द्यावा’ हे वाक्य सर्वांत वर टाकलं. त्या क्रमांकापासून मुदत मोजली जाते. आठ आठवड्यांत प्रश्न सुटला नाही तर (त्या वेळी मुदत तेवढी होती) ग्राहकाला स्वतंत्र तंटानिवारण संस्थेकडे जाता येतं. अशा दोन योजना आहेत, कम्युनिकेशन्स ऑम्बुड्समन आणि सिसास. आपली कंपनी ज्या योजनेत असेल तिथे जायचं. ग्राहकाला खर्च शून्य, आणि ग्राहकाने निकाल मान्य केला की तो कंपनीवर बंधनकारक. मुदत संपेपर्यंत थांबायचं नसेल तर कंपनीकडून ‘डेडलॉक लेटर’ मागायचं, म्हणजे आमच्याकडून यापुढे काही होणार नाही असं तिने लेखी द्यायचं.

अर्जाला आलेल्या उत्तरात पुन्हा गुडविल होतं, या वेळी पूर्ण रकमेचं. बाबांना ते पटलं नाही, मलाही नाही. आम्ही डेडलॉक लेटर मागितलं. ते आलंच नाही. त्याऐवजी तक्रार विभागातल्या एका बाईंचा फोन आला. त्यांनी पावत्या खरंच वाचल्या होत्या. चारही नोंदी चुकीच्या आकारणी म्हणून रद्द झाल्या आणि तसं ईमेलवर लेखी मिळालं. त्या बाईंनीच सांगितलं की नुसतं डेटा रोमिंग बंद करून भागत नाही, कारण फोन फ्रेंच नेटवर्कवर असताना कॉल केला किंवा मेसेज पाठवला तरी फी लागू शकते. नेटवर्कची आपोआप निवड बंद करून आपल्या कंपनीचं नाव हाताने निवडायचं, म्हणजे सिग्नल गेला तर गेला, पण फोन पलीकडे उडी मारत नाही. खात्यावर खर्चाची मर्यादाही घालून घेतली. ऑक्टोबर 2018 पासून ती सोय ग्राहकाला देणं कंपन्यांना सक्तीचं आहे, फक्त आपण मागावी लागते.

बाबांच्या फोनमध्ये दुसऱ्या खाचेत त्यांचं भारतातलं सिम असतं, बँकेच्या ओटीपीसाठी. ज्यांचे आई-वडील असे दोन सिम घेऊन येतात त्यांनी दोन्हींची निवड वेगवेगळी तपासावी. इथल्या सिमचं नेटवर्क हाताने बांधायचं, भारतातल्या सिमचं आपोआप ठेवायचं आणि त्याचा डेटा पूर्ण बंद करायचा. बाबांनी हे सगळं वहीत मराठीत लिहून घेतलं, आणि इथल्या मराठी मंडळातल्या ज्या तिघा-चौघांकडे उन्हाळ्यात आई-वडील येणार आहेत त्यांना मी त्या पानाचा फोटो पाठवला आहे.