गॉटहार्डचा पट्टीनकाशा: गोशेनेन ते आंडरमाट पक्का झाला

मंडळी, स्वित्झर्लंडमधल्या गॉटहार्डच्या जुन्या घाटवाटेच्या पट्टीनकाशाचा, म्हणजे वाट आणि तिच्या लगतचंच दाखवणाऱ्या लांबट नकाशाचा, पहिला तुकडा शाईने पक्का केला. एका सेंटिमीटरला 50 मीटर असं प्रमाण धरलं, म्हणून कागद जवळजवळ मीटरभर लांब झालाय आणि गुंडाळी करूनच न्यावा लागतो. रंगांची पद्धत नेहमीचीच: कागदोपत्री आधार आहे ते काळ्या शाईत, दंतकथा लाल, आणि एकेकाळी होतं पण आता जागेवर नाही ते पेन्सिलीत.

आधी व्यवहाराचं. गोशेनेनहून दातेरी रुळांवरची छोटी गाडी सुटते. 1917 पासून ती शोलेनेनच्या घळीतून वर आंडरमाटला चढते, आणि प्रवास इतका थोडा आहे की बसायला जागा शोधेपर्यंत संपतो. पण आपल्याला चालायचंय. गोशेनेन 1,106 मीटरवर, आंडरमाट 1,440 च्या आसपास, म्हणजे चढ फारसा नाही. इथल्या पिवळ्या पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असते. वही काढून नोंदी घेणाऱ्यांनी ती सरळ दुप्पट धरावी.

लाल शाईचा पहिला ठिपका गोशेनेनजवळच, सैतानाच्या दगडाचा. गोष्ट थोडक्यात अशी: रॉइस नदीवर पूल काही टिकेना, तेव्हा उरीचे, म्हणजे या प्रांताचे, लोक वैतागून म्हणाले की आता सैतानानंच बांधावा. सैतान हजर झाला. मोबदला एकच, पुलावरून पहिला जो जाईल त्याचा जीव. पूल उभा राहिल्यावर गावकऱ्यांनी बोकड पुढे हाकलला. चिडलेला सैतान पूल फोडायला भलाथोरला धोंडा घेऊन निघाला, वाटेत एका म्हातारीने त्यावर क्रूस कोरला, आणि मग तो धोंडा त्याला काही उचलेना.

हा धोंडा 220 टनांचा. सैतानाला जमलं नाही ते 1977 साली महामार्गवाल्यांनी केलं. नव्या रस्त्याच्या आड येत होता म्हणून 3 लाख फ्रँक खर्चून तो 127 मीटर सरकवला. माझ्या कागदावर त्यामुळे त्याच्या दोन खुणा आहेत, मूळ जागेची पेन्सिलीत आणि आताची लाल. 127 मीटर म्हणजे या प्रमाणात अडीच सेंटिमीटर. लाल खुणेशेजारी काळ्या शाईत तारीख लिहावी लागली, असं दुसरं ठिकाण या तुकड्यात नाही.

पुढे घळ आवळत जाते. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटच्या सरळसोट भिंती, खाली रॉइस, आणि मध्येच, गोष्टीतल्या सैतानाच्या पुलाच्या जागी, एकावर एक पूल. दगडी पूल 1595 चा, तो 1888 साली कोसळला. त्याचे पायथे दिसतात, म्हणून पेन्सिल. 1830 चा पूल शाबूत आहे, चालणारे त्यावरूनच जातात. मोटारींसाठी वर 1958 चा पूल. रेल्वेलगतच्या कड्यावर हाइनरिख डानिओटने रंगवलेला सैतान आणि बोकड आहे. चित्र 1950 चं, म्हणजे गोष्टीच्या मानाने अगदी कालचं. तरी पर्यटक त्याचेच फोटो आधी काढतात. हरकत नाही, चित्र झकास आहे.

यातल्या जुन्या दगडी पुलाशी 25 सप्टेंबर 1799 ला सेनापती सुवोरोव्हचं रशियन सैन्य फ्रेंचांशी भिडलं. फ्रेंचांनी वाट मोडून ठेवली होती आणि रशियन अधिकाऱ्यांनी कमरेचे पट्टे सोडून फळ्या बांधल्या असं सांगतात. लढाई काळी केली, पट्टे लाल. कड्यात कोरलेला सुवोरोव्हच्या सैनिकांच्या स्मरणाचा 12 मीटरचा क्रूस मात्र दोन्ही रंगांची गरज न पडता समोर उभा आहे.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ती जागा. पुलाच्या वर, आंडरमाटच्या बाजूला, नदी कड्याला इतकी खेटून वाहते की काठाने पाऊल ठेवायला जागा नाही. तिथे पूर्वी ट्वेरेनब्रुके होती: कड्याच्या अंगाने साखळ्यांवर लटकवलेली फळ्यांची वाट, खाली फेसाळतं पाणी. तेराव्या शतकात गॉटहार्डची वाहतूक सुरू झाली ती अशा कामांमुळे. ती शेजारच्या वाले (Valais) प्रांतातून आलेल्या वाल्झर लोकांनी केली असावीत, असा अंदाज अभ्यासक देतात, कारण कड्यांवरून पाण्याचे लाकडी पाट नेण्यात त्यांचा हातखंडा. याच फळ्यांवरून खेचरांचे तांडे जायचे, दक्षिणेला गुरं आणि चीज, परत येताना दारू आणि लोंबार्दीचा तांदूळ.

माझ्या मते घळीतलं अवघड काम हे, पूल नव्हे. दोन कड्यांमध्ये कमान टाकणं तेव्हाच्या गवंड्यांना माहीत होतं. उभ्या कड्याला ओझ्याच्या जनावरांची वाट टांगणं ही वेगळीच गोष्ट. पण नकाशा उलगडून बघितला की लाल शाई सगळी पुलाभोवती, आणि ट्वेरेनब्रुकेच्या जागी नुसती पेन्सिल. सैतानाला श्रेय मिळालं ते दिसायला भव्य असलेल्या कामाचं. फळ्या कुजणार, साखळ्या गंजणार, दरवर्षी डागडुजी होणार. जे माणसं सतत दुरुस्त करताना दिसतात त्याला सैतानाचं काम कोण म्हणणार? शेवटी 1708 साली पिएत्रो मोरेत्तिनीने बाजूच्या खडकातून 64 मीटरचं भोक पाडलं, उर्नरलॉख. आल्प्समधला रस्त्यासाठीचा पहिला बोगदा. लटकती वाट निकामी झाली आणि तिची गोष्ट तयार व्हायची राहूनच गेली.

बोगद्यातून बाहेर पडलं की अचानक सपाट, हिरवं उर्सेर्न खोरं. आंडरमाट गावातली फेरी मी भरभर उरकली: सुवोरोव्ह मुक्कामाला होता ते घर आता खोऱ्याचं संग्रहालय आहे, चर्च दोन-तीन. थांबले ती गावावरच्या त्रिकोणी जंगलासाठी. बाकी डोंगर बोडके होते तेव्हाही हा तुकडा टिकला, कारण 1397 च्या पत्रानेच तिथे लाकूडतोडीला मनाई केली. जंगल गेलं तर हिमलोट थेट घरांवर येणार. 1951 च्या जानेवारीत ते आलेच, गावात 13 जण गेले. आपल्याकडच्या देवराईची आठवण होते, फक्त इथे पहाऱ्याला देव नाही, ग्रामसभेचा कागद आहे.

आणखी एक काळी नोंद, जिची पुढे लाल होईल असं मला वाटतं. धरण बांधून आंडरमाटसकट अख्खं खोरं बुडवायचा बेत होता. 1946 साली गावकऱ्यांनी त्या कामाच्या अभियंत्याला गावातून पिटाळून लावलं. धरण झालं नाही.

पुढचा तुकडा आंडरमाट ते होस्पेंटाल. तिथे तेराव्या शतकातला बुरूज आहे, आणि संत कार्लच्या छोट्या चर्चवर वाटसरूला उद्देशून ओळी आहेत: मित्रा, इथे वाट फुटते, रोमला जातोस की कोलोनला? त्या मूळ जर्मनमध्ये उतरवून घेणार. कागद त्याच प्रमाणात ठेवतेय, म्हणजे दोन्ही तुकडे जोडता येतील. फक्त बर्फ वितळेपर्यंत घळीतली वाट बंद असते, तेव्हा पाऊल उन्हाळ्यातच पडेल. तोवर कुणाकडे ट्वेरेनब्रुकेचं जुनं रेखाचित्र असेल तर कळवा, पेन्सिलीची रेघ जरा नीट ओढता येईल.